सांडाकान ते राणाऊ : एका शिपायाच्या वाटेने

बोर्निओतल्या सांडाकानला बहुतेक जण जातात ते सेपिलोकचे ओरांगउटान बघायला. आम्ही दोघं गेलो ते रिचर्ड मरे नावाच्या एका ऑस्ट्रेलियन शिपायासाठी. त्याच्याविषयी वाचल्यापासून तो मनातून जात नव्हता.

मरे २/१९ इन्फन्ट्री बटालियनचा. ही पलटण जानेवारी १९४२ मध्ये मलायात मुआरजवळ लढली आणि पार कापली गेली. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं आणि उरलेले कैदी झाले. जुलैमध्ये सिंगापूरच्या ऑस्ट्रेलियन कैद्यांपैकी सुमारे दीड हजार जणांना बोटीत कोंबून सांडाकानला आणलं, जपान्यांसाठी विमानतळ बांधायला. पुढे आणखी ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश कैदी आले. एकूण २,४०० च्या वर. जिवंत परतले सहा. सहाही ऑस्ट्रेलियन, आणि सहाही पळून गेलेले, म्हणून वाचलेले.

मुंबईहून क्वालालंपूर आणि तिथून सांडाकान असं विमानाने जाता येतं. विमान देशांतर्गत असलं तरी मलेशियाच्या सबाह राज्यात (सांडाकान त्यातच आहे) शिरताना पासपोर्ट पुन्हा तपासतात, तेव्हा तो सामानात टाकू नका. अरायव्हल कार्ड निघण्याआधी ऑनलाइन भरावं लागतं. व्हिसाचे नियम बदलत राहतात, तिकीट काढण्यापूर्वी बघून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी टाळा, पाऊस फार असतो. आणि अंधार लवकर पडतो, साडेसहापर्यंत सगळं आटोपलेलं बरं.

कैद्यांची छावणी शहरापासून आठ मैलांवर होती. आज तिथे सांडाकान मेमोरियल पार्क आहे. टॅक्सीने सहज जाता येतं, प्रवेश फुकट. सकाळी लवकर जा, डासांचं मलम लावून. दाट झाडीत एक मोठं उत्खनन यंत्र गंजून उभं आहे. त्याच्या सांध्यांत शेवाळ आणि नेचे उगवलेत. एका कैद्याने ते मुद्दाम बिघडवलं, असं सांगतात. मी लोखंडावर हात ठेवला तर तळव्याला लालसर भुकटी लागली. ती पुसावीशी वाटेना.

दुसऱ्या दिवशी अडीच मैलांवरच्या बसस्थानकावरून कोटा किनाबालूची सकाळची बस धरली. ती राणाऊ, कुंडसांगवरून जाते. एसी कडाक्याचा असतो, शाल जवळ ठेवा. शाकाहारी असाल तर फळं आणि कोरडा खाऊ बरोबर घ्या. मोठ्या गावांत मामाक (तमिळ मुस्लिमांच्या) खानावळीत रोटी चनाई, म्हणजे पदर सुटलेला पराठा, आणि डाळ मिळते, वाटेवर भरवसा नाही. बाहेर मैलोन्‌मैल पाम तेलाचे मळे. राणाऊपर्यंतचं अंतर बस काही तासांत कापते. १९४५ मध्ये जपान्यांनी कैद्यांना राणाऊपर्यंत सुमारे २६० किलोमीटर दलदलीतून आणि डोंगरातून चालवत नेलं, बहुतेकांना अनवाणी. मागे पडला त्याला मारून टाकत. मरे पहिल्या तुकड्यांबरोबर राणाऊला पोचला, पण तिथेही सुटका नव्हती. जे तग धरून होते त्यांना आलेल्या वाटेवरच्या पागिनातान गावाला उलट पाठवून वीस-वीस किलोची तांदळाची पोती पाठीवरून आणवली. तांदूळ जपानी सैनिकांसाठी. कैद्यांच्या वाट्याला मूठभर.

राणाऊला उतरल्यावर आम्ही बाजारात थांबलो. एका दुकानात दाराशीच तांदळाची पोती रचलेली होती. मी एक उचलायला गेले, गुडघ्यापर्यंत जेमतेम आलं. मी रोज पोटभर जेवते.

मे महिन्यात मरे आणि त्याचा दोस्त कीथ बॉटेरिल यांनी आणखी काही सोबत्यांसह पळायचं ठरवलं. वाटेसाठी गोदामातून तांदूळ चोरून ठेवला. तो सापडला. कुणी चोरला म्हणून विचारल्यावर मरे एकटा पुढे झाला आणि म्हणाला, मी. त्याला बाजूला नेऊन संगिनींनी मारलं. तारीख २० मे १९४५. बॉटेरिल जुलैमध्ये पळाला, गावकऱ्यांनी त्याला जंगलात लपवून खाऊ घातलं, आणि तो जगला. मरे काय म्हणाला हे आपल्याला कळतं ते त्यामुळे. जपानने शरणागती पत्करल्यानंतरही, ऑगस्टच्या अखेरीस, राणाऊत उरलेल्या कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

मुक्काम कुंडसांगला करा. किनाबालू पर्वताचं दर्शन पहाटेच घ्यायचं, नऊनंतर ढग उतरतात. थंडी असते, स्वेटर लागतोच. १९६२ मध्ये उभारलेलं युद्धस्मारक भाजीबाजाराच्या वर टेकडीवर आहे. छोटं तिकीट आहे आणि पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी सावकाश चढावं. ऑस्ट्रेलियन, इंग्लिश आणि बोर्निओच्या लोकांसाठी वेगवेगळ्या बागा आहेत. बोर्निओची बाग घाईत ओलांडू नका. कैद्यांना अन्न पोचवणारे कितीतरी स्थानिक त्यापायी मेले.

शेवटच्या अंगणात नावांची यादी आहे. आडनावं वर्णक्रमाने आहेत, शोधायला वेळ लागत नाही. आम्ही बरोबर मूठभर तांदूळ नेले होते. फलकाखाली ठेवले. खाली रस्त्यावर येऊन हात केला की कोटा किनाबालूची बस किंवा व्हॅन थांबते, पण दुपारनंतर गाड्या कमी होतात. आम्ही बारालाच निघालो.