टाकी मोठी आहे

"आत या, बघून घ्या. पाणी चार दिवसांआड येतं, पण टाकी मोठी आहे."

जुळे सोलापुरात लिलावातलं घर बघायला गेलो होतो. त्या वहिनींनी दार उघडून हेच सांगितलं. दारावर बँकेची नोटीस चिकटवलेली. म्हणजे ताबा कागदावरच, माणसं अजून आतच!

महिनाभर कागद तपासतोय. सरफेसी कायदा, २००२, म्हणजे कर्ज थकलं की बँकेला तारण घर विकू देणारा. आधी राखीव किमतीच्या १० टक्के अनामत, आपली बोली लागली की अनामत धरून बोलीच्या २५ टक्के, विक्री कायम झाल्यावर १५ दिवसांत उरलेले. विक्री 'जसे आहे, जेथे आहे', म्हणजे घर आहे तसं घ्यायचं, म्हणून थकलेली घरपट्टीही बघायची.

घर जाणार असताना त्या मला पाण्याचं सांगत होत्या. चहा घ्या म्हणाल्या, मला बसवेना.

शुक्रवारी बोली आहे. असं घर कुणी घेतलंय का? आधीच्या माणसांशी काय बोललात?