हाक कुठून आली?

मशीन लावल्यावर हाक ऐकू यायला लागली, पण ती कुठून आली ते कळेना. दोन्ही कानांनी सारखंच कमी ऐकू यायचं, तरी खर्च वाचेल म्हणून मी आधी एकट्या उजव्या कानाचं मशीन घेतलं. दुकानातही कुणी अडवलं नाही. मग प्रत्येक आवाज उजवीकडूनच! एकदा रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकून मी डावीकडे सरकले, आणि रिक्षा डावीकडूनच येत होती. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचले.

त्याच आठवड्यात दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकू येणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, गेले. बाजूचा आवाज जवळच्या कानात आधी पोहोचतो, हे तिने कागदावर डोकं काढून दाखवलं. हा फरक फार तर 0.7 मिलिसेकंदांचा. शिवाय शिट्टीसारखे उंच पट्टीतले आवाज डोक्याआड अडतात आणि लांबच्या कानाला हळू लागतात. मेंदू या दोन फरकांवरून दिशा ठरवतो. माझ्याकडे तुलनेला दुसरा कानच नव्हता.

डावं मशीन आलं, तरी दिशा धूसरच. दोन्ही मशीनं आपापल्या परीने हळू आवाज जास्त वाढवत होती, मोठा कमी. त्यात दोन कानांमधला फरक पुसला जायचा. तिने ती वायरलेसने एकमेकांना जोडली, तेव्हा आवाजाचं कमीजास्त दोन्हीकडे मिळून व्हायला लागलं. डावं-उजवं सुधारलं.

पुढचं-मागचं मात्र चुकतच होतं. ती ओळख कानाच्या पाळीच्या वळणांमधून होते आणि माझ्या मशीनचा माइक कानाच्या वर बसतो. तिने मागचे उंच आवाज थोडे कमी घेणारं सेटिंग लावलं आणि मान वळवायला शिकवलं. मान उजवीकडे वळवल्यावर आवाज डाव्या कानात वाढला तर तो समोरचा, उजव्या कानात वाढला तर मागचा. हे मला आधीच कुणी सांगायला हवं होतं.

नातवाने रोज पंधरा मिनिटं माझ्याभोवती फिरून किल्ल्या वाजवल्या. मी डोळे मिटून बोट दाखवायचे. पहिल्या आठवड्यात निम्म्याहून जास्त चुकले, पण तो कंटाळला नाही. दीड महिन्यानंतर चूक क्वचितच व्हायची.

मंगल कार्यालयात आवाज घुमतो, तिथे अजून गोंधळ होतो. म्हणून मी भिंतीला पाठ लावून बसते. मग हाक मारणारं माणूस समोरच असतं.