पीअर सपोर्टची नोकरी मिळवताना

मला बायपोलर हा मानसिक आजार आहे, ज्यात मनःस्थितीचे टोकाचे चढउतार होतात. मुंबईतल्या एका संस्थेला पीअर सपोर्ट वर्कर, म्हणजे स्वतःच्या आजाराच्या अनुभवातून इतर पेशंटना आधार देणारा माणूस हवा होता आणि जाहिरातीतच 'स्वतः आजारातून गेलेल्यांना प्राधान्य' असं लिहिलं होतं. मुलाखत छान झाली. घोडं अडलं ते पुढे, वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर. 'मानसिक आजाराचा पूर्वेतिहास?' या रकान्यात मी 'होय' लिहिलं आणि फाइल थांबली. ज्या अनुभवावर निवड झाली, त्याच अनुभवामुळे मी अनफिट!

एचआरच्या मॅडम म्हणाल्या, दिव्यांग प्रमाणपत्र आणा, नियमात बसवू. पण मानसिक आजारात दिव्यांगत्व मोजताना स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि काम बघतात, आणि बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के लागतात. नियमित गोळ्या घेऊन सावरलेल्या माणसाचे तेवढे भरणार कसे?

शेवटी मी 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा घेऊन गेले. पेशंटच्या हक्कांबद्दलच्या तक्रारी ऐकणाऱ्या त्यातल्या पुनरावलोकन मंडळावर जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाच्या अध्यक्षांबरोबर शुभार्थी (मानसिक आजार असलेली व्यक्ती) किंवा शुभंकरही (तिची काळजी घेणारे) सदस्य म्हणून बसू शकतात. मंडळावर चालतो, मग वॉर्डात चहा घेत पेशंटशी बोलायला का नाही? हे मी विचारलं, तेव्हा कुठे चर्चा पुढे सरकली.

'पुन्हा आजारी पडलात तर?' हा प्रश्न मला गैर वाटला नाही. त्याचं उत्तर आम्ही लेखी केलं. झोप उडायला लागली की कोणाला सांगायचं, माझ्या डॉक्टरांना फोन कोणी करायचा, सगळं. मी घेते त्या लिथियम या औषधाची रक्तातली पातळी तपासायला रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी न घेता रक्त द्यावं लागतं, म्हणून त्या दिवशी उशिरा यायची मुभाही त्यात आली. माझे उपचार दुसरीकडेच चालतील, हेही लिहून घेतलं. सहकाऱ्यांच्या हाती माझा केसपेपर पडणं मला मान्य नव्हतं.

पैशांचं मात्र अजून जमलेलं नाही. 'तुम्ही मनापासून करता, मग मानधन चालेल ना?' हे वाक्य मला फार लागलं. सोशल वर्करही मनापासूनच करतात, त्यांना पगार आहे. सरकारी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञ, सोशल वर्कर, नर्स अशी पदं आहेत, आमचं नाही. त्यामुळे पगार ठरवायला कोणाकडेच आधार नाही. सध्या माझा करार सहा महिन्यांचा आहे. तो संपण्याआधी पदनाम, पगारश्रेणी आणि पीएफ मागणारा अर्ज मी दिला आहे.