मल्लि २

मिरग निघून दोन दिवस झाले तरी परड्यातला खड्डा रिकामाच, हे आईला बघवेना. आमचं घर निपाणीत. परडं म्हणायचं एवढंच, बारा बाय पंधरा फुटांचा तुकडा. त्यात धुण्याचा दगड, तुळस आणि उन्हाळ्यात वाळून गेलेल्या झाडाचा खुंट होता, तो तिनं उपटून खड्डा करून ठेवलेला. बेळगावात बागायत खात्यानं रोपांची विक्री मांडलीय, असं शेजारचे काका सांगून गेले आणि तिनं मला यादी सांगायला सुरुवात केली. मी चप्पल पायात सरकवत मोबाईलवर टिपून घेतली : कढीपत्ता १, मल्लि २, जमलं तर मिरीचा वेल.

सकाळची कर्नाटकची लाल गाडी मिळाली. तवंदी घाट धुक्यात, पुढं हायवे सहापदरी करायचं काम, त्यामुळं दर दोन मैलांवर गाडी डावीकडं उतरते, चिखल उडवते, परत वर चढते. संकेश्वर ओलांडलं तशी कुठंकुठं सोयाबीनची पेरणी चाललेली दिसली. पाटीवर बेळगावी, कंडक्टरच्या तोंडात बेळगाव. २०१४ पासून हे असंच चाललंय आणि त्यामुळं कुणाची गाडी चुकल्याचं मी तरी ऐकलं नाही.

बसस्थानकावरून रिक्षानं चन्नम्मा सर्कल, तिथून क्लब रोड आणि ह्यूम पार्क. दारावरच कन्नडमधला फलक : सस्य संते. संते म्हणजे आठवडी बाजार. नाव अगदी बरोबर वाटलं, कारण आत गेल्यावर बाजारच होता, फक्त कुणी ओरडत नव्हतं. दर ठरलेले, घासाघीस नाही, म्हणून ओरडायचं कारणही नाही. आमच्या भागातला माणूस रोप म्हटलं की तंबाखूचा तरवा बघतो. मूठभर उपटायचा, ओल्या गोणपाटात गुंडाळायचा, शेतात न्यायचा. इथं एकेक रोप स्वतःच्या काळ्या पिशवीत, ओळीनं उभं, शाळेच्या प्रार्थनेला उभं केल्यासारखं.

नारळाच्या ओळीपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. घ्यायचा नव्हताच, पण एक म्हातारे शेतकरी रोपं निवडत होते, ते बघण्यासारखं होतं. डोक्याला टॉवेल, खिशातून सातबाऱ्याचा, म्हणजे आमच्या इकडच्या उताऱ्याचा, कागद डोकावतोय. ते पानांकडं बघतच नव्हते. वाकायचे, नारळातून कोंब जिथं बाहेर येतो तिथला बुंधा अंगठा आणि बोटांच्या कवेत धरायचे, आणि पुढच्या रोपाकडं सरकायचे. मी विचारलं तर म्हणाले, "उंच वाढलेलं रोप भुलवतंय बघा. सावलीत ठेवलं की उंच होतंयच की. मान जाड पायजे." मग एका रोपाचं पान उचलून दाखवलं : खालची पानं अखंड, वरचं मात्र सुटं होऊन झावळीसारखं फाटायला लागलेलं. जे लवकर फाटतं ते लवकर धरतं, असं त्यांचं म्हणणं. कृषी खात्याची पुस्तकंही हेच सांगतात, बुंध्याचा घेर १० सेंटिमीटर हवा वगैरे. त्यांच्याकडं टेप नव्हता, हात होता. पंधरा मिनिटांत त्यांनी चार रोपं बाजूला काढली आणि मला वाटतं तीसेक नाकारली.

कढीपत्ता लगेच सापडला. 'सुवासिनी', धारवाडच्या कृषी विद्यापीठातली जात. पान चुरगाळून वास घेतला आणि पुढं विचार केला नाही. मिरीत 'पन्नियूर १' होती, मिरीचा पहिला संकर वाण, केरळातला. वेल छान होता, पण चढवायचा कशावर? परड्यात धुण्याच्या दगडाशिवाय काही नाही. सोडून दिला.

मग आंबे. मी मराठी शाळेत शिकलो, कन्नड पुढं आलं, त्यामुळं अक्षर लागतं पण वाचताना पहिलीच्या पोरासारखे ओठ हलतात. तसाच एका पाटीपाशी पुटपुटलो : म… ल्लि… का. खिशातला मोबाईल काढून बघितला. मल्लि २. आईचा हा असला चोखंदळपणा बघून मला तिचं कौतुकच वाटलं.

तिथल्या माळीकाकांना विचारलं तर ते खुलले. मल्लिका आणि आम्रपाली दोन्ही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या, दोन्ही नीलम आणि दशेरीच्या पोटच्या. फरक एवढाच की मल्लिकेची आई नीलम, आम्रपालीची आई दशेरी. आईबाप तेच, फक्त जागा बदलल्या, आणि पोरी केवढ्या वेगळ्या निघाल्या! आम्रपाली बुटकी, जवळजवळ लावता येते. मल्लिका मोठी होते, फळही मोठं, कोय पातळ, आणि हापूससारखी एक वर्ष आड रुसत नाही. "झाडावर पिकायची वाट बघू नका," ते म्हणाले, "उतरवून घरात ठेवा, मग गोडी येते."

रोप त्यांनीच निवडून दिलं. करंगळीएवढा बुंधा, मातीपासून वीतभर वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली, तिच्या वर सहा-सात पानं, शेंड्याची दोन तांबूस आणि लिबलिबीत. पट्टीच्या खाली खुंटाला, म्हणजे ज्या गावठी रोपावर कलम बांधतात त्याला, एक हिरवी फूट आलेली होती. मी म्हटलं, बघा, जोम कसा आहे. काकांनी नखानं ती खुडून टाकली. बोटाला लागलेला चीक विजारीला पुसत म्हणाले, "कसि मण्णाग होगबारदु." कसि म्हणजे कलम, जोड मातीत जाता कामा नये. आणि जोडाच्या खालची प्रत्येक फूट खुंटाची, मल्लिकेची नव्हे. ती ठेवली तर तीच झाड होऊन बसते आणि वरचं कलम उपाशी मरतं. मी जोम जोम करत होतो तो गावठी आंब्याचा.

दोन कलमं, एक कढीपत्ता घेऊन परतीच्या गाडीत बसलो. पिशव्या पायात धरल्या तरी आंब्याचा शेंडा शेजारच्या बाईंच्या गालाला लागत होता. त्या हत्तरगीला उतरेपर्यंत काही बोलल्या नाहीत. उतरताना मात्र म्हणाल्या, "जागा हाय काय लावायला?" मला तेव्हाच कळायला हवं होतं. आंब्याच्या दोन झाडांत १० मीटर अंतर सांगतात. आमचं अख्खं परडं भिंतीला भिंत धरून मोजलं तरी त्याच्या निम्मं भरत नाही.

आईनं कढीपत्त्याचा वास घेतला, मान हलवली. मग कलमांकडं बघितलं.

"हे कुणाचं?"

"तूच सांगितलीस की. मल्लिका."

"मल्लिगी रं! मल्लिगी सांगितल्ती मी तुला! आता आंब्याची वेणी घालू व्हय डोक्यात?"

तिचं माहेर हुक्केरीकडचं. मोगऱ्याला ती जन्मभर मल्लिगीच म्हणत आलीय, आणि वाळलेला तो खुंटही मोगऱ्याचाच होता. एवढं आयुष्य तिच्या हाताखाली काढून मला ते सुचू नये, याचं तिला मोगऱ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

एक मल्लिका मामाच्या रानात गेली, त्यानं तीन फुटी खड्डा काढून ठेवलाय. दुसरी धुण्याच्या दगडाशेजारी पिशवीतच आहे. आई भांडी विसळलेलं पाणी तिला घालते आणि वर तिच्याशी कन्नडमध्ये काहीतरी बोलते. विक्री रविवारपर्यंत आहे, म्हणून मी परत चाललोय. या वेळी यादी तिनं चष्मा लावून स्वतः वाचून घेतली. मोगरा २. मग मोबाईल परत माझ्या हातात देऊन पुढं एक शब्द घालायला लावला : फुलाचा.