पाचवा खेटा

जोतिबाचे पाच खेटे, म्हणजे कोल्हापूरहून जोतिबाच्या डोंगरापर्यंतच्या पायी वाऱ्या, आई दरवर्षी करते. माघात सुरू होतात, ओळीनं पाच रविवार. यंदा भावाला मुलगा झाला, म्हणून शेवटच्या खेट्याला अख्खं घर निघालं. मी पुण्याहून रात्रीच्या एसटीनं आलो आणि पहाटे तीनला पंचगंगेवर हजर. पाणी बर्फासारखं. आंघोळ म्हणजे डोक्यावर पाच तांबे आणि दातांवर दात.

चप्पल घालायला वाकलो तर आई म्हणाली, "खेट्याला चप्पल? अंबाबाई काय बूट घालून गेलती?"

गोष्ट अशी की जोतिबा हिमालयाकडं निघाला, तेव्हा त्याला थांबवायला अंबाबाई करवीरहून, म्हणजे कोल्हापूरहून, अनवाणी डोंगरापर्यंत गेली. आपण तिच्या मागून चालायचं. आईपुढं बोलून उपयोग नसतो, चपला पुलाजवळच्या टपरीपाशी ठेवल्या.

वडणगे, निगवे अंधारातच मागं पडलं. रस्ताभर माणसं, अधूनमधून "चांगभलं!" आणि लगेच सगळा रस्ता ओ देतो. कुशिऱ्यात कुणीतरी चहा वाटत होतं. तिथून चढ लागला. आंब्याच्या मोहराचा वास आणि पायाखाली खडी. डोंगर 3100 फुटांचा असला तरी कोल्हापूरच अठराशेवर आहे, म्हणजे आपला चढ तेराशेच, असा हिशेब भाऊ सांगत होता. पाय तो हिशेब मानत नव्हते.

गायमुखाच्या अलीकडं माझ्या आठ वर्षांच्या लेकीच्या टाचेत काटा मोडला. वहिनीनं बाळ माझ्याकडं दिलं, दगडावर बसली, मंगळसूत्रात अडकवलेली सेफ्टी पिन काढली. मोबाईलच्या उजेडात कातडी जरा उचलली, नखानं दाबलं, आणि करवंदीचं काळं टोक बाहेर आलं. पोरगी रडली नाही. काटा मात्र तिनं जपून रुमालात बांधला, शाळेत दाखवायला. बाळ एवढ्या सगळ्यात ढिम्म झोपलेलं.

वर पोचलो तेव्हा उन्हं आली होती. दर्शनाच्या रांगेत दोन तास. गुलाल, खोबरं, दवणा. दवण्याचा वास बोटांना बसला की दिवसभर जात नाही, आणि मला तो हवाच असतो. भावानं बाळाला देवासमोर धरलं. कपाळावर गुलाल लागताच ते जे ओरडलं, की पुढचे चार भक्त हसले.

बाहेर सावलीत भाकरी, झुणका, ठेचा. आता उतरायचं, या विचारानंच तळवे चुरचुरले. तेवढ्यात आईनं पहाटेपासून खांद्यावर वागवलेली जड पिशवी उघडली. आम्ही समजत होतो नारळ आहेत. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या आमच्या सगळ्यांच्या चपला! आम्ही पुढं गेल्यावर टपरीपाशीच भरून घेतल्या असणार.

"देवाकडं अनवाणी यायचं," ती भाकरी मोडत म्हणाली, "घरी जायला कशाला?"

तिच्या स्वतःच्या तेवढ्या त्यात नव्हत्या.