उत्तरेचा उतार

लागोसच्या सुरुलेरे भागातलं ते घर मी सोलर पॅनल बसवण्यासाठी जुलैत पाहायला गेलो. बाई घरूनच गोठवलेली मासळी विकतात. दोन डीप फ्रीझर, चार पंखे आणि मागच्या बोळात धडधडणारा पेट्रोलचा जनरेटर. मे 2023 मध्ये नायजेरिया सरकारने पेट्रोलवरची सबसिडी काढली, दर बघता बघता दुपटीच्या वर गेले. तेव्हापासून मासळीतली सगळी कमाई जनरेटरच पितो, असं त्या कळवळून सांगत होत्या.

आधी येऊन गेलेल्या ठेकेदाराने बजावलं होतं, पॅनल दक्षिण उतारावरच लावायचे, उत्तरेचा उतार निकामी. पुण्यात मीही दक्षिणच धरली असती. पण लागोस विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम साडेसहा अंशांवर आहे. इथे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो.

पाऊणच्या सुमाराला ढग जरा फाटले. मी अंगणात काठी उभी धरली. सावली दक्षिणेला पडली. "पाहा मॅडम, सूर्य तुमच्या 'निकामी' बाजूलाच आहे." त्या काठीभोवती फिरून पाहत राहिल्या.

खरी अडचण दक्षिणेलाच होती. शेजारची तीनमजली इमारत भिंतीला खेटून उभी. जुलैत तिचा त्रास दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेला गेला की तिची सावली थेट त्या उतारावर येणार, आणि पावसाने उसंत दिलेले नेमके तेच महिने. उत्तरेचा पत्रा मोकळा होता, उतारही जेमतेम. तिथे वर्षाकाठी थोडंच उत्पादन घटतं. सावलीत त्याहून कितीतरी जास्त जातं. दिशेचा एवढा बाऊ करून माणसाला सोलरपासून परतवणं मला अन्यायाचं वाटतं.

खोटी आशाही मी दाखवत नाही. ढगांमुळे लागोसला पुण्याहून कमी ऊन मिळतं. वर्षाची सरासरी दिवसाला चौरस मीटरमागे चार-साडेचार युनिट. जुलै-ऑगस्टमध्ये त्याहूनही कमी. म्हणून हिशोब त्या महिन्यांवरच केला: 550 वॅटचे आठ पॅनल.

बॅटरीच्या किमतीवर मात्र गाडी अडली. दहा युनिटांची लिथियम बॅटरी त्यांच्या आवाक्याबाहेर होती. तेव्हा त्याच म्हणाल्या, "फ्रीझर भरलेला असला, झाकण उघडलं नाही, तर माझा माल रात्रभर कडक राहतो. दिवसाच जोरात चालवला तर?"

एवढी नेमकी सूचना मला कुठल्या ग्राहकाने केली नव्हती. दोन्ही फ्रीझरना टायमर लावायचं ठरलं, आणि बॅटरी पाच युनिटांवर आली.