काकूंचा हयातीचा दाखला आणि नाशिकची थंडी

आमच्या समोरच्या काकू एकट्या राहतात. काका नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या छापखान्यात होते. २००६ साली प्रेस महामंडळाकडे गेली, त्याच्या बऱ्याच आधी ते निवृत्त झाले. त्यांच्या मागे काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं आणि घर त्यावरच चालतं. मुलगा बंगळुरूला असतो. रोज न चुकता फोन करतो, पण बँकेच्या पायऱ्या चढताना हात धरायला कुणीतरी इथलंच लागतं.

केंद्र सरकारच्या पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. नाही दिला तर पुढची पेन्शन अडकते. उशिरा दिला तर थकबाकीसकट मिळते हे खरं, पण औषधाचं दुकान तोवर थांबत नाही. २०२३ साली नेमकी दिवाळीही नोव्हेंबरात आली. ११ तारखेला दुसरा शनिवार, १२ ला लक्ष्मीपूजन, १४ ला पाडवा. मधल्या एखाद्या दिवशी बँक उघडी असली की तिथे पाय ठेवायला जागा नसायची.

पहिल्यांदा गेलो तेव्हा काकूंचा अंगठाच उठेना. थंडीत कातडी कोरडी पडते, भेगाळते, आणि आयुष्यभर भांडी घासून बोटांच्या रेषा आधीच पुसट झालेल्या असतात. मशीनवर पुन्हा पुन्हा बोट टेकवून झालं. मागे रांग ताटकळत होती. खिडकीतला माणूसही दमलेला होता. दिवाळीनंतर या म्हणाला. कागदी फॉर्म अजूनही चालतो, अधिकाऱ्यासमोर सही केली की झालं, पण त्या दिवशी ते सांगायला कुणाला सवड नव्हती. रिक्षात बसल्यावर काकू म्हणाल्या, “अगं, मी समोर बसलेय, तरी ते नाही म्हणतंय.” त्यांचा आवाज बारीक झाला होता. मला तो प्रकार फार लागला.

घरी येऊन माहिती काढली. चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय २०२१ पासून आहे आणि त्यासाठी साधा स्मार्टफोन पुरतो. ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ अशी दोन अ‍ॅप घ्यायची. पहिलं अ‍ॅप उघडायचं नसतं, ते मागे आपलं काम करत राहतं. मग ज्याच्या फोनवरून काम करायचं त्याची नोंदणी, म्हणजे माझा आधार क्रमांक, ओटीपी आणि माझाच चेहरा. त्यानंतर काकूंची माहिती: आधार, मोबाइल, पेन्शनचा प्रकार, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक, खाते क्रमांक. पीपीओचा कागद काकांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला होता, बरोबर सगळ्या जुन्या पावत्या. तिथे काकू जरा थबकल्या. मीही घाई केली नाही.

पुनर्विवाह झाला आहे का, असा एक प्रश्न त्यात येतो. मला विचारायचाच संकोच वाटला. काकूंनी मात्र शांतपणे “नाही लिही” म्हटलं आणि काकांच्या फोटोकडे पाहिलं.

चेहऱ्याचं काम पहिल्या खेपेला जमलं नाही. ट्यूबलाइट डोक्यावर, त्यात कानटोपी कपाळापर्यंत ओढलेली आणि चष्म्यावर चकाकी. टोपी आणि चष्मा काढून, खिडकीसमोर तोंड करून बसायला हवं होतं. “थांब, तोंड धुऊन येते,” म्हणत काकू न्हाणीघरात गेल्या आणि गॅस गीझर पेटल्याचा आवाज आला.

मी मागोमाग गेले. खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांमध्ये पुठ्ठा कोंबलेला होता, कारण वारा झोंबतो. आमच्याकडे थंडी म्हणजे थंडी असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा उतरला की निफाडकडचे शेतकरी द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. पण बंद न्हाणीघरात गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट धरतो, आणि माणूस कडी लावलेल्या दाराआड गरगरून पडतो. काकू कधीतरी बोलल्याही होत्या, “अंघोळीनंतर हल्ली डोकं जड होतं.” वयाचं असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं.

पुठ्ठा तिथल्या तिथे काढला. संध्याकाळी मुलाला फोन केला आणि काहीही आडपडदा न ठेवता सांगितलं. त्याने दिवाळीआधीच विजेचा गीझर बसवून घेतला. तुमच्या शेजारी कुणी वयस्क असेल तर फराळाचं ताट घेऊन जाल तेव्हा न्हाणीघराची खिडकी जरूर बघा. माझ्या लेखी त्या सगळ्या खटपटीत दाखल्यापेक्षा हे काम मोठं होतं.

दाखला त्याच दुपारी झाला. खिडकीच्या उजेडात काकूंनी पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि त्यांच्या मोबाइलवर प्रमाण क्रमांकाचा, म्हणजे दाखला झाल्याचा मेसेज आला. तो त्यांनी मला दोनदा वाचायला लावला. ज्यांच्याकडे असा फोन नाही त्यांच्याकडे पोस्टमन घरी येऊन हे काम करतो, त्याचे ७० रुपये पडतात.

उरला होता सुट्टीचा प्रश्न. भाऊबीजेला आम्ही गावी जाणार, निम्मी इमारत रिकामी. जादा किल्ली द्या म्हटलं तर काकू “कशाला उगीच” म्हणून विषय बदलायच्या. मग मी आमच्या घराची किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि तुळशीला पाणी घालाल का विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांची किल्ली आपसूक आमच्याकडे आली. मदत एकाच बाजूने येत राहिली की म्हातारी माणसं अवघडतात, असं मला मनापासून वाटतं. त्यांनाही कुणाच्या तरी उपयोगी पडायचं असतं.

दुधाच्या पिशवीची खूण ठरवली. सकाळी आठपर्यंत दाराला पिशवी तशीच लटकत असेल तर बेल वाजवायची, दार उघडलं नाही तर किल्ली लावायची. आम्ही नसताना ती किल्ली आणि ही जबाबदारी खालच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या नर्सिंगच्या मुलींकडे. काकूंना विचारूनच हे केलं. मुलींनी काकूंचा सकाळी साडेपाचचा फेरफटकाही उन्हं येईपर्यंत पुढे ढकलायला लावला, कारण गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मदतीचा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी चिकटवला. तो सकाळी आठ ते रात्री आठ लागतो, म्हणून रात्रीसाठी त्याखाली ११२ आणि आमचे नंबर.

काकूंना आता ८० पूर्ण झाली आहेत. त्या वयाच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, त्यामुळे नोव्हेंबरची गर्दी टळते. गेल्या खेपेस त्यांनी स्वतःच खिडकीपाशी खुर्ची ओढली, आणि आपलं झाल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना बोलावून घेतलं. पीपीओचा कागद बरोबर आणा आणि कानटोपी काढून बसा, हे त्यांना काकूंनीच सांगितलं.